सूर्याएवढा काळवीट

सोलापूरचा सूर्य जमिनीवर मावळतो. सूर्य दुसरं कुठे मावळणार, असं कुणी म्हणेल. पण महाबळेश्वरात तो डोंगराआड जातो, ताडोबात झाडांआड, आणि दोन्हीकडे बहुतेक वेळा पिवळाजर्द, डोळे दिपवणारा असतानाच जातो. आमच्याकडे नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, वडाळा या पट्ट्यात त्याच्या आड यायला काही नाही. तो आधी केशरी होतो, मग तांबडा, मग खालच्या बाजूने जरासा चपटा होतो आणि थेट गवताच्या तुऱ्यांना टेकतो. या माळाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हटलं. मी म्हणेन, उजेडाकडे तोंड करून जनावरांचे फोटो काढायला महाराष्ट्रात याच्या तोडीची जागा नाही.

मी व्यवसायाने लग्नाची फोटोग्राफर. अशोक चौकाजवळचा स्टुडिओ अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रोलच्या जमान्यात उघडला. आता मी चालवते. मुहूर्त नसलेल्या दिवसांत कॅमेरा तोच, लेन्स मोठी आणि स्कूटर बार्शी रस्त्याला. लग्नात गिऱ्हाइकाची मागणी एकच, चेहरा उजळ आला पाहिजे. नवरा-नवरीला संध्याकाळच्या आभाळापुढे उभं करून नुसत्या काळ्या आकृत्या टिपल्या, की आल्बम उलटताना कुणी ना कुणी आत्या विचारतेच, "पैसे घेऊन काळं तोंड कशाला काढलंय ओ?" काळवीट असलं काही विचारत नाही.

सूर्य पाठीशी घ्यावा आणि फोटो काढावा, हे अण्णांनी मला शिकवलं आणि त्यांना त्यांच्या उस्तादांनी. माणसांसाठी ते ठीक आहे. पण वयात आलेला नर काळवीट पाठीवर काळाभोर आणि पोटाखाली पांढराशुभ्र असतो. त्याच्यावर समोरून ऊन पडलं, की पाठीवरचा केस न्‌ केस दाखवायला जावं तर पोट पांढरंफटक पडतं, आणि पोट सांभाळावं तर पाठ म्हणजे नुसता डांबराचा डाग. सूर्य त्याच्या मागे गेला की हे भांडणच मिटतं. पोटही काळं, पाठही काळी. उरते ती आकृती आणि त्या आकृतीवर पिळाची शिंगं. काळवीट ओळखायला याहून जास्त काही लागत नाही.

असे फोटो दोन जातींचे. एकात मागचं आभाळ उजळ आणि जनावर काळं. याला फोटोवाले सिल्हूट म्हणतात. दुसऱ्यात उलट, मागची बाजू अंधारी आणि जनावराच्या कडेने उजेडाची एक बारीक रेघ. ही रिम लाइट. दोन्हींत सूर्य पलीकडेच असतो. फरक एवढाच, की पहिल्यात तो चौकटीत किंवा चौकटीच्या जवळ असतो आणि दुसऱ्यात चौकटीच्या वर, बाहेर.

सिल्हूट जमण्यासाठी कॅमेऱ्याचा स्वभाव माहीत हवा. त्याच्या मीटरला सगळं जग मध्यम करडं असावं असं वाटतं. उजळ आभाळ दाखवलं की तो घाबरून उजेड कमी करतो, आणि समोरचं जनावर आपोआप काळं पडतं. कॅमेऱ्याची ही खोड इथे आपल्या कामाची. सूर्याला सोडून त्याच्या शेजारच्या उजळ आभाळावर मीटर धरायचा, किंवा एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप खाली आणायचं. आजचे मोबाइल मात्र याच्या विरुद्ध चालतात. काळोखात काही दिसलं की ते लगेच उजळायला धावतात. म्हणून एचडीआर बंद करा, पडद्यावर आभाळाच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि शेजारी उमटणारी सूर्याची खूण खाली ओढा. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून पाणकावळ्यांचे असे फोटो मोबाइलवर उत्तम येतात. व्हाइट बॅलन्स 'क्लाउडी'वर ठेवला की केशरी रंग टिकतो, नाहीतर कॅमेरा तो धुऊन काढतो. लेन्सपुढची संरक्षक काच काढून ठेवा, तिच्यामुळे सूर्याची भुतं फोटोभर उमटतात. आणि डीएसएलआरच्या खिडकीतून, मोठी लेन्स लावून, वर चढलेल्या सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

एवढं झालं की तांत्रिक भाग संपला. खरी मेहनत पोटावर पडण्यात आहे.

सपाट जमिनीचा एक नियम आहे. क्षितिजाची रेघ नेहमी तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर समोरच्या प्रत्येक वस्तूला ती रेघ दीड मीटरवरच कापते. वस्तू पन्नास मीटरवर असो की तीनशे. आता काळवीट खांद्याशी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास भरतो. मान ताठ केली, शिंगं धरली, तर साधारण दीड मीटर. म्हणजे तुम्ही उभ्याने फोटो काढलात, तर त्याच्या शिंगांची टोकं क्षितिजाला जेमतेम टेकतात आणि बाकीचा अख्खा प्राणी जमिनीच्या काळ्या पट्ट्यात बुडतो. लोक म्हणतात, "एवढं आभाळ पेटलं होतं, आणि हरण दिसतच नाही." दिसणार कसं? कॅमेरा वीतभर उंचीवर आणा. गुडघ्याखालचे पाय सोडले तर सगळा काळवीट आभाळात उभा.

म्हणून झोपायचं. आमच्या माळावर झोपणं म्हणजे कुसळी गवतावर झोपणं. पावसाळा सरला की त्याची कुसळं पिकतात आणि कपड्यातून आत शिरतात; घरी आल्यावर काढत बसावी लागतात. जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरली की लेन्स टेकवायला तिवईची गरज उरत नाही. झोपणं जमत नसेल, तर ओढ्याच्या पात्रात बसा आणि जनावर बांधावर चढण्याची वाट पाहा. बांध हा आमच्याकडचा डोंगर. संध्याकाळी चौफेर नजर टाकायला काळवीट बांधावर येतोच, विशेषतः तो नर आपला टापू राखत असेल तर.

आता सूर्याचं माप. आकाशात सूर्य अर्ध्या अंशाहून किंचित जास्त जागा व्यापतो, आणि हे माप दिवसभर तेवढंच राहतं. क्षितिजाशी तो मोठा दिसतो तो आपल्या नजरेचा भास. 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्समध्ये त्याचं बिंब अर्धा मिलिमीटरही भरत नाही, फोटोत तो टिकलीएवढा येतो. 600 मिलिमीटरच्या लेन्समध्ये तेच बिंब साडेपाच मिलिमीटर होतं, म्हणजे फुल-फ्रेम चौकटीच्या उंचीचा जवळजवळ पाव हिस्सा. सूर्य लेन्सने मोठा होतो, जवळ जाऊन होत नाही, हे उघड आहे. जनावराचं मात्र तसं नाही. ते जवळ गेलं की मोठं आणि लांब गेलं की लहान. दीड मीटरचा काळवीट अर्ध्या अंशात बसवायचा असेल, तर तो तुमच्यापासून सुमारे 160 मीटरवर हवा. तिथे तो बरोबर सूर्याएवढा. त्याहून लांब उभा असेल, तर सूर्याच्या तबकडीत सबंध मावतो.

या गणिताने माझी माळावरची चालच बदलली. इतर सगळ्या वन्यजीव छायाचित्रणात धडपड असते ती जवळ जाण्याची. या एका प्रकारात मागे सरकावं लागतं. 160 मीटरवरच्या माणसाकडे काळवीट एकदा बघतो आणि पुन्हा चरायला लागतो. तुम्हाला हवा तो फोटो आणि त्याला हवं ते अंतर, दोन्ही एकच. त्या अंतरावरून सूर्य शिंगांच्या नेमक्या मागे आणायचा असेल तर तुम्हीच आडवं सरकायचं. दीड मीटर सरपटलात की त्याच्या मागे सूर्य अख्खा एका बिंबाने सरकतो. हे सगळं भराभर करावं लागतं. सोलापूर विषुववृत्तापासून पावणेअठरा अंशांवर, त्यामुळे आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो. खालची कड टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत मार्च-सप्टेंबरात जेमतेम सव्वादोन मिनिटं. लंडनमध्ये त्याच काळात तो तिरका उतरतो आणि तिथल्या माणसाला मिनिटभर जास्त मिळतं.

सिल्हूटमध्ये रंग नाही, डोळे नाहीत, केस नाहीत. त्यामुळे जनावराची ठेवण माहीत नसेल तर फोटो फसतो. काळवीट समोरून घेतला तर चार पायांचा एक ठोकळा आणि वर दोन काड्या; आडवा उभा राहून मान जरा वळवली, की दोन्ही शिंगं वेगळी सुटतात आणि पीळ मोजता येतो. मादीला शिंगं नसतात. काळ्या आकृतीत ती शेळीसारखी दिसते, पण उडी मारली की नाही. चारही पाय पोटाशी घेऊन हवेत असलेली हरिणी शेळी वाटण्याची शक्यताच नाही. कळप असेल तर आकृत्या एकमेकींवर चढतात आणि सहा डोक्यांचा राक्षस तयार होतो. प्रत्येकीच्या मधून थोडं आभाळ दिसेपर्यंत बटण दाबू नये.

लांडगा आणि गावठी कुत्रा यांतला फरक तर आकृतीतच जास्त चांगला कळतो. कुत्र्याची शेपूट बहुधा वर, वळलेली. लांडग्याची खाली लोंबणारी. चालताना तो डोकं खांद्याच्या रेषेत धरतो, पाय लांब, चाल ढेंगांची आणि सरळ. मेंढरांचे कळप वाड्याकडे परतताना उठलेल्या धुळीच्या मागे, बऱ्याच अंतरावर, एखादा असा चालत असतो. त्याला सगळ्यात आधी पाहतो तो मेंढपाळ. एकदा एका मेंढपाळाला मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर लांडग्याची काळी आकृती दाखवली. त्याने क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "मादी हाय. पोटुशी." मला त्यात नुसता लांडगा दिसला होता.

रिम लाइटसाठी मागे अंधार लागतो, आणि तोही सोलापूरकडे मुबलक आहे. आमची काळी माती. नांगरून टाकलेल्या काळ्या रानापुढे, सूर्य हातभर वर असताना, ससा बसलेला सापडला तर बघा. कानांच्या पातळ कातडीतून उजेड आरपार जातो. कान लालसर पेटतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या वेगळ्या दिसतात. थंडीत लांडग्याचे केस दाट असतात, तेव्हा त्याच्या मानेभोवती उजेडाची झालर उठते. पक्ष्यांत या उजेडाला सगळ्यात शोभतात भोवत्या. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून आमच्या गवताळ माळांवर येतात आणि गवताला जवळजवळ पोट घासत तरंगतात. मागून ऊन आलं की पंखांची पिसं काचेसारखी होतात. इथे एक्स्पोजर फार खाली आणू नये, नाहीतर पिसांतून येणारा उजेडच मरतो. भोरड्यांचं उलट. हजारोंच्या थव्याने त्या ज्वारीवर येतात, शेतकरी मचाणावरून गोफण फिरवतो, आणि संध्याकाळी तोच थवा आभाळात पिळा घेत झोपायला निघतो. तिथे एकेका पक्ष्याला काही किंमत नाही, थव्याच्या आकाराला आहे. ही सगळी नावं एका जागी हवी असतील तर मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' घ्या. ते सोलापूरचेच, 1932 मध्ये इथे जन्मले आणि 18 जून 2025 रोजी इथेच गेले.

पाणी आवडणाऱ्यांनी करमाळा तालुक्यात उजनीच्या काठावर जावं. बहुतेक फोटोवाले भिगवण-कुंभारगावला जातात, आणि सकाळसाठी ते बरोबर आहे. तो भीमेचा उजवा काठ, सूर्य पाण्यावरून वर येतो. संध्याकाळी मात्र तिथे सूर्य पाठीशी राहतो. केत्तूरच्या बाजूने, डाव्या काठावरून पाहिलं, तर तो पाण्यावर मावळतो आणि रोहित पक्षी त्याच्यापुढे उभे असतात. शहर सोडणं शक्य नसेल, तर 1871 मध्ये पुरा झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव आहेच. आणि अगदीच काही नाही तर कावळा. 2016 मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत तरुणांचं सर्वोच्च पारितोषिक गिडिअन नाइट या सोळा वर्षांच्या इंग्लिश मुलाला मिळालं, ते लंडनमधल्या घराजवळच्या बागेत, चंद्रापुढच्या फांद्यांवर बसलेल्या एका कावळ्याच्या काळ्या आकृतीला.

चंद्रावरून आठवलं. मोबाइलवर सूर्य-चंद्राची दिशा दाखवणारी ॲप आहेत, मीही वापरते. पण आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर दाते पंचांग असतं, तेही सोलापुरातूनच निघतं. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तोवर जमिनीवर अंधार धरू लागतो. चतुर्दशीला तो अजून पाऊणएक तास आधी वर येतो, तेव्हा उजेड शिल्लक असतो. म्हणून पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी चांगली. सूर्याचीही जागा वर्षभरात बदलते. डिसेंबर ते जून मावळतीचा बिंदू क्षितिजावर जवळपास पन्नास अंश उत्तरेकडे सरकतो. डिसेंबरात ज्या बांधावर फोटो मिळाला, त्या बांधामागे मे महिन्यात सूर्य येणारच नाही.

एवढं कळलं की खोटे फोटोही ओळखू येतात. मावळतीच्या तांबड्या आभाळात पूर्ण चंद्र आणि पुढे हरीण, असा फोटो दिसला तर समजा जोडलेला आहे. पूर्ण चंद्र त्या वेळी पूर्वेला असतो. चंद्रकोरीची उजळ बाजू सूर्याकडे नसेल तरीही तेच. जनावर जवळून, रुंद लेन्सने घेतलेलं आणि मागे सूर्य परातीएवढा, हेही होत नाही. मोठ्या स्पर्धा उगाच मूळ रॉ फाइल मागत नाहीत.

खोट्याहून वाईट म्हणजे छळून काढलेला खरा. धूळ उडावी म्हणून काळविटांच्या कळपामागे मोटारसायकल घालणारे आहेत. रातव्याच्या किंवा घुबडाच्या मागे दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन बसवणारे आहेत, आणि त्याला ते कला म्हणतात. मी याला फोटोग्राफी मानत नाही. काळवीट आणि लांडगा दोघेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यांना पळवणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात वनविभागाची परवानगी घेऊन जावं, ड्रोन घरी ठेवावा. लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात बिळात असतात. त्या दिवसांत बिळाचा पत्ता कळला तरी तिकडे फिरकू नये.

आणि माळढोक? नान्नजचं नाव त्याच्यामुळेच झालं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि 1979 मध्ये अभयारण्य झालं. कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, आणि पुढे ते बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणावं लागलं. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी म्हणजे जमिनीला समांतर धड आणि वर ताठ उभी मान; आकृतीत दुसऱ्या कशाशीही गल्लत होणार नाही. अण्णांच्या तरुणपणी तो माळावर सहज दिसायचा. आता एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

माळढोकाची नजर दोन्ही बाजूंना चांगली, नाकासमोर कमी. अंगाने जड, त्यामुळे उडताना ऐनवेळी वळता येत नाही. विजेच्या तारा त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. राजस्थान-गुजरातमध्ये तारांनी इतके माळढोक मेले, की 2021 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. 2024 मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे दिला. माझ्या चौकटीतही गेल्या काही वर्षांत तारा वाढल्या आहेत. पूर्वी मार्डीच्या बाजूला कुठेही झोपावं आणि क्षितिज मोकळं मिळावं. आता खांब, ऊस, तारेचं कुंपण आणि सौरपट्ट्या चुकवत जागा शोधावी लागते. मला तार फोटोतून संगणकावर पुसता येते, पक्ष्याला ती सोय नाही. माळ पडीक नाही, हे सांगायला माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही. माळावरच्या आभाळापुढे कोण कोण उभं राहतं ते दाखवता येतं, एवढंच.

तेव्हा या. डिसेंबर ते फेब्रुवारी चांगला. सोलापूरपासून नान्नज वीस-बावीस किलोमीटर, बार्शी रस्त्यावर. जुने कपडे घाला, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा, रस्त्यावरूनच जनावर शोधा, उभ्या पिकातून चालू नका. फोटो चांगला आला तर जरूर सगळ्यांना दाखवा, पण त्याखाली बांध, ओढा, गट नंबर लिहू नका, आणि मोबाइल आपणहून जोडतो ती जागेची खूणही काढून टाका. ठिकाण लिहायचंच असेल, तर 'सोलापूर जिल्हा' एवढं पुरे.